घरची बंद ट्रेडल पुन्हा चालू करताना

ठाण्यात चरईतल्या आमच्या गाळ्यात ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, अकरा वर्षं बंद उभी होती. शाईच्या थाळीवर गणपतीच्या मखराचे पुठ्ठे, पायाशी रद्दीचे गठ्ठे. भंगारवाला दर दिवाळीला यायचा, फ्लायव्हीलवर थाप मारायचा आणि किलोचा भाव सांगून जायचा. बाबा नुसतं ‘बघू’ म्हणायचे. ते गेल्यावर मी मशीन विकलं नाही, चालू केलं. पहिलं वर्ष बहुतेक चुका करण्यात गेलं. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे अजून बऱ्याच जुन्या छापखान्यांच्या कोपऱ्यात अशी मशिनं उभी आहेत. शिवाय हल्ली डिझाइन शिकलेली मुलंही ती शोधत येतात.

आधी मशीन कळू द्या. गुटेनबर्गच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या मध्यात, कागद खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, दाबला जायचा तो लाकडी स्क्रू पिळून. ट्रेडल शिंपला मिटावा तशी मिटते. एका बाजूला उभा फर्मा (चौकटीत आवळलेला मजकूर), दुसऱ्या बाजूला कागद धरणारं प्लेटन. दोन्ही उघडतात तेवढ्या वेळात शाईचे रूळ वरच्या गोल थाळीवरून शाई घेतात, खाली उतरून फर्म्यावर फिरतात आणि परत वर जातात. थाळी दर फेरीला थोडी सरकते, म्हणून शाई सारखी पसरते. ही घडण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत जॉर्ज गॉर्डनने रूढ केली. बेंजामिन फ्रँकलिनने स्वप्नात येऊन आपल्याला हे मशीन समजावलं, असं तो सांगायचा. आपल्याकडची बरीच मशिनं अमृतसरी बनावटीची आहेत, पण आतली चाल तीच.

एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा: २३.३ मिलिमीटर, म्हणजे ०.९१८ इंच. ही खिळ्याची उंची. छपाई फिकी येते, अक्षरं भरतात, अक्षराच्या कडेला दुहेरी रेघ दिसते, रूळ कापले जातात, या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी कुठेतरी ही उंची चुकलेली असते.

मशीन घेण्याआधी, हलवण्याआधी

विकत घेणार असाल तर टॉर्च आणि वायर ब्रश घेऊन जा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, तडकतं. बाजूचे दोन मोठे हात, मुख्य चौकट आणि मोठ्या गिअरचे दात नीट घासून बघा. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तडा समजा. बीड वेल्ड होतं, पण त्यासाठी निकेलचा इलेक्ट्रोड लागतो, आधी भाग तापवावा लागतो आणि ज्या हातावर प्रत्येक छापाचा दाब येतो तो जोडलेला असला तर माझा त्यावर भरवसा नाही. असं मशीन मी घेणार नाही.

फ्लायव्हील हाताने फिरवा. जाम असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा तेल वाळून गोंद झालेला असतो. डावीकडचा थ्रो-ऑफचा दांडा हलतो का बघा. तो ओढला की प्लेटन मिटतं, पण दाब बसत नाही. हा दांडा नसेल तर प्रत्येक चुकलेल्या कागदाला तुमचं प्लेटन शाईने माखेल. सोबत चेस किती आहेत ते विचारा. चेस म्हणजे फर्मा आवळायची लोखंडी चौकट. मशीन कोपऱ्यात राहतं, पण सुटे चेस, रूळाची चाकं आणि चाव्या आधीच भंगारात गेलेल्या असतात. आमचे तीन चेस होते. एक सापडला माळ्यावर, दुसरा शेजारच्यांनी कुंडीखाली ठेवला होता. तिसऱ्याचा पत्ता लागला नाही.

दहा बाय पंधरा इंची चेसचं मशीन पाऊणएक टनापर्यंत जातं आणि वजन सगळं वरच्या अंगाला. त्यामुळे तळमजल्याचा गाळा, खाली पक्का कोबा. वरच्या मजल्यावर न्यायचा विचारही करू नका. हलवताना प्लेटन मिटवून दोरखंडाने बांधा, रूळ आणि थाळी काढून वेगळी न्या, मशीन जाड फळ्यांवर बोल्टने बसवा आणि फळ्यांखाली लोखंडी पाइप सरकवत ढकला. उचलायची वेळ आली तर चेनपुली. मी पहिल्यांदा स्वस्तातला टेम्पो केला. टेम्पोवाल्याने ‘चार माणसं उचलतील’ म्हटलं आणि मी मान डोलावली. वागळे इस्टेटच्या वळणावर मशीन कललं आणि पायडलचा दांडा वाकला. दांडा सरळ झाला, पण सुटलेला घाम अजून आठवतो. अवजड यंत्रं हलवणारी माणसं वेगळी असतात, त्यांनाच बोलवा.

गंज आणि तेल

पहिला आठवडा फक्त साफसफाईचा ठेवा. पूर्वी रॉकेल वापरायचे. आता ते सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानातलं एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) चालतं. वाळलेली शाई एमटीओत भिजवलेल्या चिंधीखाली रात्रभर ठेवली की सकाळी प्लास्टिकच्या पट्टीने निघते. प्लेटनच्या तोंडावर आणि फर्मा टेकतो त्या बेडवर सँडपेपरची मशीन लावू नका. तिथे तुम्ही गंज काढता काढता सपाटी घालवता. त्या दोन जागांवर फक्त बारीक स्टीलवूल आणि तेल, हलक्या हाताने.

तेलाची भोकं शोधणं हे निवांत करायचं काम. आमच्या मशीनवर मी आधी बारा मोजली. नंतर एका जुन्या मशीनमन काकांनी येऊन आणखी नऊ दाखवली, त्यातली दोन रंगाखाली बुजलेली. तारेने प्रत्येक भोक मोकळं करा, एमटीओचे दोन थेंब, दुसऱ्या दिवशी जाडसर मशीन ऑइल. सायकलच्या दुकानातला गंज सोडवायचा स्प्रे सांधा मोकळा करायला ठीक, पण तो तेलाचं काम करत नाही. त्याच्यावर मशीन चालवलं तर बेअरिंग खाल. चालू झाल्यावर रोज सकाळी तेल, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात संध्याकाळी उघड्या लोखंडावर तेलाचा हात. जूनमध्ये दोन दिवस विसरलात तर थाळीवर तांबूस पावडर दिसेल.

रूळ, जिथे बहुतेकांचं चुकतं

बाबांच्या तरुणपणी रूळ छापखान्यातच ओतायचे, सरस आणि गूळ शिजवून. मे महिन्यात ते मऊ पडायचे, पावसाळ्यात फुगायचे, आणि मुंग्यांची वर्दळ वेगळीच. आता रबर चढवून मिळतं. जुने दांडे द्या आणि दोन गोष्टी लिहून द्या, तोंडी सांगू नका. कडकपणा २५ ते ३० शोअर. आणि रबराचा व्यास दोन्ही टोकांच्या चाकांच्या व्यासाएवढा. मला पहिल्यांदा मिळालेले रूळ चाकापेक्षा दोन मिलिमीटर जाड होते. ‘झिजतील की हळूहळू’ असं उत्तर आलं. चाक आणि रबर सारखं नसलं की रूळ फर्म्यावर फिरत नाही, घसरतो, आणि अक्षराच्या माथ्याबरोबर खांद्यांनाही शाई फासतो. छापलेली शिरोरेषा मग चिखलातून ओढल्यासारखी दिसते. तुम्ही दोष शाईला देता, कागदाला देता, फॉन्टला देता.

तपासायची पद्धत अशी. बरोबर खिळ्याच्या उंचीचा एक सपाट ठोकळा बेडवर टेकवा, रूळांना पातळ शाई द्या आणि फ्लायव्हील हाताने हळू फिरवून रूळ ठोकळ्यावर आणून उचला. ठोकळ्यावर शाईचा पट्टा उमटेल. तो दोन ते तीन मिलिमीटर रुंद हवा. चारी कोपऱ्यांत हे करा. पट्टा पेन्सिलीएवढा जाड असेल तर रूळ फार दाबतोय. रूळाची चाकं ज्या दोन उभ्या लोखंडी रेल्सवरून धावतात त्यांच्यावर इलेक्ट्रिशियनची पीव्हीसी टेप एकेक थर चिकटवत जा. चाक वर उचललं जातं, पट्टा बारीक होतो. माझ्या डाव्या रेलवर तीन थर आहेत, उजव्यावर एक. मशीन जुनं असलं की दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या नसतात, त्यात लाज नाही.

खिळे की पॉलिमर

शिशाचे खिळे मिळाले तर ठेवा, वापराही, पण संपूर्ण मजकूर जुळवायच्या भानगडीत लगेच पडू नका. देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण असतात. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, कानामात्रा सगळे वेगळे. जुळारी ते न बघता उचलायचे, कारण त्यांनी आयुष्य त्यात घालवलं होतं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींचे खिळे आजही नावाजले जातात ते त्यांच्या वळणासाठी. पण तुमच्या हाती येणारा संच बहुधा अर्धा झिजलेला आणि ‘र’ संपलेला असतो. खिळ्यांत शिसं आहे, त्यामुळे हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवायचे, खिळ्यांच्या टेबलावर वडापाव ठेवायचा नाही आणि लहान मुलांना तिथे खेळू द्यायचं नाही.

आजचा व्यवहार्य रस्ता म्हणजे कॉम्प्युटरवर मांडणी आणि फोटोपॉलिमरची प्लेट. मजकूर युनिकोडमध्येच करा. जुन्या लिपी-पॅकेजमधली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की मजकुराचा खिचडा होतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेला फॉन्ट घ्या. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘वऱ्हाड’ हे तीन शब्द टाइप करून बघा. ‘ऱ्या’मधला अर्धा र नीट येत नसेल तर तो फॉन्ट लग्नपत्रिकेला नको. मग सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांत, बदलून द्या.

आता ज्याने माझी एक आख्खी पत्रिका वाया घालवली ते. पॉलिमर प्लेट पाण्याने धुऊन तयार होते. प्रकाश पडलेला भाग कडक होतो, बाकीचा ब्रशने निघून जातो. सुटा, बारीक टिंब असेल तर त्याला खाली धरायला पाया कमी पडतो आणि धुताना तो उडतो. मराठीत सुटं टिंब म्हणजे अनुस्वार. माझ्या प्लेटवर ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’वरचा अनुस्वार गेला आणि दीडशे पत्रिका ‘चि. सौ. का.’ अशा छापून झाल्या. मुलीच्या आत्याने पहिल्या नजरेत पकडलं. तेव्हापासून नियम: टिंबाचा व्यास ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी नको, छोट्या मजकुरात तो हाताने मोठा करायचा, आणि प्लेट आली की भिंग घेऊन अनुस्वार मोजायचे. कॉम्प्युटरवर किती, प्लेटवर किती. बारीक रेषाही पाव पॉइंटपेक्षा पातळ ठेवू नका.

प्लेट ज्या धातूच्या बेसवर चिकटवायची त्याची जाडी अशी काढा. एकूण २३.३. प्लेट १.५२ मिलिमीटरची, चिकटपट्टी साधारण ०.१. उरले साधारण २१.७. लेथवाल्याला हा आकडा द्या आणि दोन्ही बाजू समांतर हव्यात हे दोनदा सांगा. वागळे इस्टेटमध्ये हे काम करणारी वर्कशॉपं मिळतात. बेस आला की व्हर्नियर लावून पाच जागी मोजा, मगच पैसे द्या.

फर्मा आवळणं

बेस चेसच्या मध्याच्या थोडा खाली ठेवा, भोवती लाकडी फर्निचर (रिकामी जागा भरायचे ठोकळे), आणि वर व उजवीकडे चावीने आवळायची पाचरीसारखी कॉइन. सगळं हाताने घट्ट बसवा, एक एक कॉइन थोडी थोडी फिरवा. एकच पूर्ण आवळली की फर्मा धनुष्यासारखा वर येतो. मग चेसचा एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर उचलून त्याखाली चावी ठेवा आणि बोटांनी प्रत्येक तुकडा दाबून बघा. काहीही हललं तर परत सोडा. मशीनमध्ये सुटलेला एक तुकडा प्लेट, रूळ आणि प्लेटन तिन्हींचा हिशेब करतो.

दाब, आणि मेकरेडीचा कंटाळा

प्लेटनवर दोन दांड्यांत ताणून बसवलेला जाड कागद म्हणजे टिंपन. त्याखाली एक कडक प्रेसबोर्ड आणि बाँडचे दोन-तीन ताव, सगळं मिळून साधारण एक मिलिमीटर. कमी भरून सुरुवात करा. छाप फिका आला तर एक ताव वाढवा. जास्त भरून सुरुवात केली तर प्लेट चेपली जाते, आणि ती परत उठत नाही.

मशीन प्रथम बसवताना चारी कोपऱ्यांत एकेक मोठा खिळा ठेवून पातळ कागदावर छाप घ्या. कागद उलटा करून खिडकीसमोर तिरका धरा. कुठे उठाव जास्त, कुठे नाही, ते डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. प्लेटनमागे चार स्क्रू असतात, त्यांनी हे सारखं करायचं. एकदा सारखं झालं की ते स्क्रू विसरून जा. पुढच्या प्रत्येक कामाचं कमी-जास्त पॅकिंगनेच करायचं. छापात एखादा भाग फिका असेल तर त्याच आकाराचा टिश्यूचा तुकडा फाडून (कापून नको, कापलेली कड छापात उमटते) टिंपनखाली बरोबर त्याच जागी चिकटवा. परत छाप, परत बघा. छाप सारखा करायची ही तयारी म्हणजे मेकरेडी. एका पत्रिकेला मला यात चाळीसएक मिनिटं जातात, छापायला पंधरा.

एक गंमत सांगतो. बाबांच्या काळी कागदाच्या मागे अक्षराचा उठाव दिसला तर मशीनमनला बोल लावायचे. छाप कसा, शाई ठेवून गेल्यासारखा हवा. आता गिऱ्हाईक येऊन कागदावर बोट फिरवतं आणि ‘अजून खोल येईल का?’ विचारतं. येतं, पण त्यासाठी कागद कापसाचा किंवा हातकागद हवा, ३०० जीएसएमच्या वर. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मी वापरतो. चकचकीत आर्टकार्डावर खोल छाप मागू नका, वरचा थर फुटतो.

कागद टेकवायला तीन पिना: दोन खालच्या कडेला, एक डावीकडे. दोन कडा कायम त्याच टेकल्या की मजकूर दर वेळी त्याच जागी पडतो. पिना लावल्यावर फ्लायव्हील हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. पिन प्लेटवर आपटत असेल तर इथे कळू दे, मोटरवर नको.

शाई

वाटाण्याएवढी. खरंच तेवढीच. थाळीवर तीन-चार ठिकाणी लावून मशीन रिकामं फिरवा आणि कान द्या. शाई बरोबर असेल तर रूळ हलकी सरसर करतात, जास्त झाली की चिकचिक ओला आवाज येतो. ऑफसेटची शाई ट्रेडलवर चालते. ऑफसेट म्हणजे जुन्या शिळाछापाचीच नात, तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत या तत्त्वावर चालणारी. मे महिन्यात शाई पातळ पडते, तेव्हा चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मळा. जुलैत वाळायला दोन दिवस लागतात, त्यामुळे छापलेले ताव एकावर एक रचू नका. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या वेष्टनातच ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा.

हात

उजव्या हाताने कागद ठेवायचा, डाव्याने छापलेला काढायचा. प्लेटन मिटायला लागल्यावर कागद वाकडा दिसला तर थ्रो-ऑफ ओढा, हात घालू नका. पडणाऱ्या कागदामागे हात कधीच जाता कामा नये. बाबांच्या उजव्या मधल्या बोटाचं टोक चपटं होतं, एका पडणाऱ्या हळदी-कुंकवाच्या आमंत्रणापायी. ओढणी, बांगड्या, अंगठ्या, लांब बाह्या, गळ्यातली साखळी, सगळं बाजूला. मोटर लावली असेल तर पुली अशी बदला की तासाला सहा-सातशे छापांच्या वर जाणार नाही, पट्ट्यावर जाळी आणि हाताशी लाल बटण. पहिले पंधरा दिवस मोटर लावूच नका, पायाने चालवा. पायाचं मशीन पाय थांबला की थांबतं.

कमाई कशातून

फक्त सुंदर पत्रिकांवर गाळ्याचं भाडं निघत नाही. माझ्याकडे निम्मं काम बिलबुकांच्या नंबरिंगचं आहे. बिलाला सलग क्रमांक लागतो. नंबरिंग बॉक्स खिळ्याच्या उंचीचाच असतो आणि दर छापाला आकडा आपोआप बदलतो. उतरत्या क्रमाचा बॉक्स घ्या, म्हणजे गठ्ठा संपल्यावर सगळ्यात लहान क्रमांक वर येतो.

छिद्ररेषा आणि घडीची रेघ मारणं हेही ट्रेडलचं काम, पण ती पट्टी धारदार असते आणि शाईच्या रूळांना चिरते. म्हणून रूळ काढूनच हे करायचं, वेगळ्या फेरीत, आणि प्लेटनवर पातळ स्टीलचा पत्रा लावून. रबाळे-महापे पट्ट्यातले मोठे ऑफसेटवाले दोनशे नगांच्या क्रीझिंगला मशीन लावत नाहीत, ती कामं मग आमच्याकडे येतात.

प्रत्येक पत्रिकेवर पाहुण्यांचं वेगळं नाव हवं असेल तर ते लेझर प्रिंटरवर. १९३८ साली चेस्टर कार्लसनने शोधलेली विजेच्या भाराने भुकटी चिकटवायची युक्ती त्यात आहे. भुकटी शेवटी तापलेल्या रुळाखाली वितळून कागदाला धरते. म्हणून आधी लेझर, मग ट्रेडल. उलट केलंत तर कच्ची शाई त्या गरम रुळाला लागेल आणि प्रिंटर दुरुस्तीला जाईल. फार खडबडीत हातकागदावर टोनर खळग्यांत पोचत नाही, नाव तुटक दिसतं. तेव्हा नावासाठी गुळगुळीत कागदाची पट्टी वेगळी छापून चिकटवा.

दिवस संपवताना थाळी आणि रूळ एमटीओने पुसा, रूळ काढून स्टँडवर उभे ठेवा. मशीनवर टेकून राहिले तर एका बाजूने सपाट पडतात आणि दुसऱ्या दिवशी दर फेरीला त्याच जागी फिका पट्टा येतो. शाईने आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, शाईतलं जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा. आमचा डबा बाबांच्या वेळचा तुपाचा आहे, झाकण अजून घट्ट बसतं.